ड्रमच्या माथ्यावरचे दोन मायक्रोफोन

पूर्वीं ध्वनिमुद्रण म्हटलें कीं मुंबई-पुण्याच्या स्टुडिओची पायरी चढावी लागे. आतां तसें राहिलेलें नाहीं. विष्णुपुरींत विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील कोणाही होतकरू विद्यार्थ्यास संगणकाच्या साह्यानें आपल्या खोलींत आठ-दहा मायक्रोफोनांचें मिश्रण करतां येतें. शाळेंतलीं मुलेंही आतां त्या वाटेस लागलीं आहेत. हें आम्हांस स्वागतार्हच वाटतें. परंतु या सोयीबरोबर एक खोडही आली आहे, व तिजविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

शाळेच्या बँडांतील साइड ड्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या खालच्या पडद्यास बारीक तारा भिडलेल्या असतात; वर काठी पडतांच त्या थरथरतात आणि तो कोरडा, तीक्ष्ण तडतडाट उमटतो. हेंच वाद्य ड्रमच्या संचांत ‘स्नेअर’ या नांवानें बसतें. त्याला तारा नसल्या तरी आपला ताशा स्वभावानें त्याचा चुलतभाऊच. संचाच्या माथ्यावर जे दोन मायक्रोफोन लावतात त्यांस ‘ओव्हरहेड’ म्हणतात. ते केवळ झांजांसाठीं आहेत अशी पुष्कळांची समजूत असते. मग मिश्रणाच्या वेळीं त्यांचाच आवाज निराळा काढून ऐकला, आणि त्यांत स्नेअर खणखणीत ऐकूं आला, कीं हा पाहुणा येथें कोठून आला म्हणून त्याला घालवून देण्याचा खटाटोप सुरू होतो. वरचे स्वर छाटले जातात. झांजेचें तेज जातें. आवाजाला दार लावणारें यंत्र बसविलें जातें. झांजेचा नाद मध्येंच तुटतो. कोणी तर मुलाचा ठोका पुसून तेथें बाजारांतला तयार ठोका चिकटवितात. असें करणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं. ज्यानें सहा महिने हात बसविला, त्याचा हात त्यांत राहिला कोठें?

आमचें म्हणणें असें कीं ओव्हरहेड हें झांजांचें नव्हे, सबंध संचाचें चित्र आहे. स्नेअरपासून चार बोटांवर ठेवलेला मायक्रोफोन ठोक्याची धार देतो. पण त्याचा देह आणि त्याच्या भोवतालची हवा वरूनच येते. म्हणून स्नेअर तेथें नसावा हा हट्ट सोडून, तो तेथें चांगला कसा यावा हें पाहिलें पाहिजे.

याची गुरुकिल्ली अंतरांत आहे. आपल्याकडील उन्हाळ्यांत आवाज सेकंदास सुमारें ३५० मीटर जातो. म्हणजे एक मीटर जाण्यास त्यास जवळजवळ ३ सहस्रांश सेकंद लागतात. एक ओव्हरहेड जवळ व दुसरा लांब असेल तर एकच ठोका दोनदां पोंचतो. दोन्ही आवाज मिसळले कीं कांहीं स्वर परस्परांस खाऊन टाकतात. स्नेअर पोकळ होतो व एका बाजूस कलतो. उपाय काय? एक दोरी! तिचें एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरावें व दोन्ही मायक्रोफोन त्याच लांबीवर आणावे. ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकानें १९६० नंतरच्या दशकांत, समान अंतर राखून, तीन-चार मायक्रोफोनांवर सबंध ड्रम घेण्याची जी रीत रूढ केली, तींत मुख्य गोष्ट हीच. आपल्याकडेही हें शहाणपण नवें नाहीं. १९३२ सालीं ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ निघाला, त्या काळीं गाणें चित्रीकरणासमवेतच मुद्रित होई. मागाहून तबला कमी करण्याची सोयच नव्हती. तबला फार वाजला तर तबलजीस मागें सरकविणें एवढाच मार्ग!

एवढें करूनही स्नेअर वरचढ वाटला, तर प्रथम वादकासच सांगावें कीं बाबा, झांज व स्नेअर यांचा तोल हातानेंच सांभाळ. मग यंत्राकडे वळावें. स्नेअरचा ठोका पडतांच तेवढ्या क्षणापुरता ओव्हरहेड दबविणारा कॉम्प्रेसर लावतां येतो. दोन-तीन डेसिबलांहून अधिक मात्र दाबूं नये. नाहींपेक्षां प्रत्येक ठोक्यास झांज दम लागल्यासारखी धापा टाकूं लागते. आणि हें सारें सर्व वाद्यें एकत्र ऐकूनच ठरवावें.

पालकांसही एक विनंति आहे. स्नेहसंमेलनासाठीं वर्गणी काढून आठ मायक्रोफोन घ्यावे असा आग्रह मुलें धरतात. आमच्या मतें चार पुरेत. उरलेला पैसा छपराकडे लावावा. आपल्या भागांत पुष्कळ सभागृहांवर पत्रे असतात. मायक्रोफोनच्या वर एक मीटरवर पत्रा असला, तर स्नेअरचा तोच ठोका पत्र्यावर आपटून ६ सहस्रांश सेकंदांनीं पुन्हां त्याच मायक्रोफोनांत शिरतो, आणि त्याला कोणतेंही यंत्र वेगळा काढूं शकत नाहीं. जाड सतरंज्या किंवा जुन्या गोधड्या दुहेरी करून तेथें आढ्यास बांधाव्या, आणि मगच दोरी घेऊन मोजावयास लागावें.