फुरसे, जोडवी आणि सातबारा

नागपंचमीला आपण चिरत नाही, कापत नाही, चुलीवर तवा ठेवत नाही. नागोबा दुखावला जाऊ नये म्हणून! दुसऱ्या दिवशी विळा घेऊन आपण बेणणीला जातो. तेव्हा आपल्याला काही होऊ नये म्हणून मात्र घरात कोणी काही पाळत नाही.

बोर्ली पंचतनच्या आसपास भातशेती आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, मागे डोंगर आहे. इथली बाई वर्षभर सापाच्या वाटेवर राबते. उन्हाळ्यात राबासाठी टहाळ आणायचे, पालापाचोळा गोळा करायचा, पावसाआधी लाकूडफाटा भरून ठेवायचा. मग लावणी, बेणणी, कापणी, भारे बांधणे. फुरसे बसते ते दगडाच्या सांदीत, पाल्याखाली, सरपणाच्या ढिगात. तिथे हात घालते ती बाई. तोही उघडा हात, आणि पाय बहुधा अनवाणी.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन तालुक्यातल्या वाड्या आडव्या केल्या. ऐन पावसाच्या तोंडावर पडलेली झाडे तोडायची, झावळ्या ओढायच्या, ओंडके हलवायचे, हे काम पुरुषांबरोबर बायकांनीही केले. पंचनाम्यात झाडे मोजली गेली. त्या ढिगाऱ्यात जीव मुठीत धरून कोण उतरले, याचा रकाना त्या कागदावर नव्हता.

माझ्या शेजारच्या काकींना कापणीच्या दिवसांत पायाला फुरसे चावले. पाय सुजू लागला. जोडवी काढा म्हटले तर घरातली वडीलधारी माणसे आडवी आली. ‘नवरा जिवंत असताना जोडवी कशी उतरवायची?’ घोट्यावर करकचून दोरी बांधली, मांत्रिकाला निरोप गेला. विटाळशीची सावली पडायला नको म्हणून सुनेला घराबाहेर बसवले. दवाखान्यात पोचेपर्यंत जोडवी मांसात रुतली होती, ती कापून काढावी लागली. काकी वाचल्या. पण अंगठा गेला.

मैत्रिणींनो, हे सर्वांनी पाठ करावे. साप चावला की जोडवी, बांगड्या, पैंजण, अंगठ्या ताबडतोब उतरवायच्या. सौभाग्य धातूत नसते, जिवात असते! दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, चोखायची नाही. चावलेला हात-पाय हलू न देता बाईला उचलून थेट दवाखान्यात न्यायचे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते. फुरसे-घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. ते ओळखायला स्वच्छ काचेची नळी आणि वीस मिनिटे पुरतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच रायगड जिल्ह्यात, ग्रामीण रुग्णांवर उपचार करता करता विंचूदंशाचे मृत्यू कमी करून दाखवले. तेव्हा खेड्यात हे जमत नाही, हे कोणी आम्हाला सांगू नये.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला. आराखडा चांगलाच आहे. पण इंग्रजी राजवटीत शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारण्याला इनाम होते, म्हणजे मेलेली फुरशीसुद्धा मोजली जात होती. शेतात साप चावलेली बाई आजही कष्टकरी म्हणून मोजली जात नाही. ‘तिचे नशीब’ म्हणून तिची बोळवण होते.

शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारची अपघात अनुदान योजना आहे. सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. कोणाला? सातबारावर नाव असलेल्या शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला. मग दुसऱ्याच्या वाडीत रोजावर जाणाऱ्या भूमिहीन बाईचे काय? मोळी विकून जगणाऱ्या कातकरी बाईचे काय? २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या जमीनधारकांत स्त्रिया जेमतेम १४ टक्के होत्या. पत्नीचे नाव सातबारावर लावण्यासाठी लक्ष्मीमुक्ती योजना निघाली १९९२ मध्ये. तीस वर्षे उलटली, तरी नवऱ्याच्या नावाखाली आपले नाव चढवायला आपल्याला विनवण्या कराव्या लागतात. फुरसे चावताना सातबारा बघत नाही. भरपाई देणारे मात्र आधी सातबारा मागतात!

साप आपला वैरी नाही. तो उंदीर खातो, भात राखतो. वैरी आहे ती बाईच्या कामाला काम न म्हणणारी व्यवस्था. म्हणून आपल्या मागण्या अशा :

शेतात, वाडीत, रानात झालेला सर्पदंश हा कामावरचा अपघात माना. भूमिहीन मजूर बाईलाही भरपाई द्या. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात बाराही महिने, रात्रीसुद्धा, लस आणि ती देणारा डॉक्टर हवा. बायकांच्या पायाला बसतील असे गमबूट आणि हातमोजे मालकाने द्यावेत.

येत्या नागपंचमीला वारुळाला जाणाऱ्यांनी खुशाल जावे. पण परतताना गटाने आरोग्य केंद्रात शिरावे आणि विचारावे, ‘लसीच्या किती कुप्या शिल्लक आहेत?’ उत्तर वहीत लिहून घ्यावे. पुढच्या महिन्यात पुन्हा जावे.