दाखला कोणत्या टेबलावर जावा?

कचेरीत आलेला कागद आवक-जावक पाहणारा कारकून ज्या टेबलाला लावतो, तिकडेच तो जातो. कागद चुकीच्या टेबलाला लागला की अर्जदाराचे हेलपाटे सुरू. संगणकातही असेच टेबल लावलेले असते, आणि ते आपल्याला बदलता येते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. नवे यंत्र घ्यायला पैसा नाही. म्हणून बऱ्याच घरांत आता लिनक्स आले आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेले हे काम. उबुंटू, मिंट ही त्याचीच रूपे. त्याला परवान्याचा पैसा लागत नाही.

आमच्या किन्हीराजातील एका मजूर कुटुंबातही असाच जुना संगणक आला. मुलीला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. उत्पन्नाच्या दाखल्याची पीडीएफ तिने उघडली, तर ती लिबरऑफिस ड्रॉ या आकृत्या काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे! दाखलाच खराब आहे असे समजून तिने अक्षरे जुळविली आणि त्याची पुन्हा पीडीएफ केली. इथेच घोळ झाला. दाखल्यावरची डिजिटल सही म्हणजे शाईच्या सहीचे चित्र नव्हे. ती मूळ फाईलशी गणिताने बांधलेली असते. मजकूर बदलला की ती जुळत नाही, आणि ड्रॉमधून नवी पीडीएफ केली की ती उरतच नाही. बाप मजुरी बुडवून मालेगावला तहसिलीत निघाला होता! मूळ फाईल पुन्हा उतरवून घेतल्यावर काम भागले.

उपाय दोन मिनिटांचा आहे. मिंटमध्ये पीडीएफवर माऊसचे उजवे बटण दाबा, 'प्रॉपर्टीज' उघडा, त्यात 'ओपन विथ' हा भाग पाहा. यादीतून 'डॉक्युमेंट व्ह्यूअर' निवडा आणि 'सेट अॅज डिफॉल्ट' दाबा. उबुंटूत उजव्या बटणानंतर 'ओपन विथ' घ्या, प्रोग्रॅम निवडा व या प्रकारच्या फाईलसाठी नेहमी हाच वापरावा, अशा अर्थाची खूण करा. व्ह्यूअर फक्त दाखवितो, मजकुराला हात लावीत नाही. सातबारा असो की गुणपत्रिका, पाहण्यासाठी तोच बरा.

ही निवड एका फाईलपुरती नसते, त्या प्रकारच्या सर्व फाईलींना लागू होते. पीडीएफचे लावले म्हणून फोटोचे लागत नाही. फोटोसाठी हीच कृती वेगळी करावी लागते. निवडीची नोंद आपल्याच खात्यातील एका छोट्या लपलेल्या फाईलीत होते, म्हणून पासवर्ड लागत नाही. आपण निवड केलीच नसेल, तर कोणता प्रोग्रॅम पुढे येईल हे यंत्रणा स्वतः ठरविते. नवा प्रोग्रॅम टाकल्यावर कधीकधी फाईली भलतीकडे उघडतात त्या यामुळेच.

एकाच संगणकावर भावाबहिणींची वेगवेगळी खाती असतील, तर प्रत्येकाने आपापल्या खात्यात जाऊन हे करावे. ताईने लावलेले टेबल दादाच्या खात्यात चालत नाही.