वाटेवरचे पाणी

गेल्या वैशाखातली गोष्ट. शाळेला सुटी असली तरी मुख्याध्यापकाला सुटी नसते, हे ज्यांच्या घरी कोणी शिक्षक आहे अशा वाचकांना सांगावयास नको. काही कागदपत्रे घेऊन मला पार्से येथून पेडण्यास जावयाचे होते आणि नेमकी त्याच दिवशी माझी स्कूटर दुरुस्तीस गेलेली. तेव्हा नाक्यावर आलो आणि ‘पायलट’ केला.

इंदूर-बडोद्याकडील वाचकांना येथे थोडा खुलासा करावयास हवा. गोव्यात पायलट म्हणजे विमानचालक नव्हे. मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर उतारूला घेऊन त्याच्या मुक्कामी पोचविणारा, रीतसर परवाना असलेला चालक, तो आमचा पायलट. त्याच्या गाडीचे पिवळे मडगार्ड दुरून दिसले की उभ्या असलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडतो. नदीला पूल नव्हते आणि चोपडे ते शिवोली फेरीबोटीने ओलांडावे लागे, तेव्हा फेरीच्या धक्क्यापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा याच मंडळींनी आम्हांला पार करून दिला. आता पूल झाले, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या सड्यावरून विमानेही उडू लागली. पण भर दुपारी आडगावच्या माणसाला आधार वाटतो तो पायलटाचाच.

त्या दिवशीचा पायलट माझा जुना विद्यार्थी निघाला. आता चाळिशीकडे झुकलेला, दोन मुलांचा बाप. जाताना गप्पा झाल्या. काम आटोपून परतताना एक वाजून गेला होता. सड्यावरचा रस्ता, दोहों बाजूंना तापलेला जांभा, सावलीचे नाव नाही. बोलता बोलता तो गप्प झाला आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकत डांबर सोडून मातीत उतरू लागली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून हाक मारली. दचकून त्याने ब्रेक लावला आणि कशीबशी गाडी थांबविली. तेथून चार हातांवर रस्त्याचा काठ संपत होता आणि खाली काजूच्या बागायतीचा उतार होता.

‘सर, डोळ्यांपुढे अंधारी आली,’ तो म्हणाला. ओठ कोरडे, कपाळ तापलेले, हात किंचित थरथरणारे. जवळच एक घर होते. तेथील माउलीने काही न विचारता तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला. अर्धा घटका सावलीत बसल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तरतरी आली. मी विचारले, ‘पाणी कधी प्यायला होतास?’ तो ओशाळून हसला. सकाळी सहा वाजता चहा घेतला होता. त्यानंतर काही नाही.

‘पण का?’

‘सर, उदक पियेल्यार मागीर जागो सोदचो पडटा, आनी मदीं नंबर वता.’

पाणी प्यायले की मागाहून आडोसा शोधावा लागतो, आणि तेवढ्यात रांगेतला नंबर जातो! तो जेथे उभा राहतो त्या नाक्यावर मुतारी नाही. एक नंबर गेला की एक भाडे गेले. तेव्हा पाणीच न पिणे हा त्याने काढलेला तोडगा. आणि मग सहज, विनोदाने म्हणावे तसे, तो पुढे म्हणाला, ‘तशी सवय शाळेपासूनचीच, सर. तुमच्या तासाला पाणी मागितले की तुम्ही उभे करायचा.’

तो हसला. मलाही हसावे लागले. पण वाचकहो, ते वाक्य मला आजतागायत सोडून गेलेले नाही. खरेच, मी उभे करीत असे. तासाला पाणी मागणारा मुलगा म्हणजे अभ्यास चुकविणारा मुलगा, असे माझे त्या काळी ठाम मत होते. व्याकरण शिकविताना एकाग्रता भंगू नये एवढाच हेतू. पण तहान दाबणे हा सद्‌गुण आहे, असा भलताच पाठ त्या कोवळ्या वयात मी गिरवून घेत होतो, हे पंचविसाव्या वर्षी ध्यानात आले नाही ते पंचावन्नाव्या वर्षी आले.

त्यानंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो. कारण मोटारसायकल वा स्कूटर आता प्रत्येक घरात आहे, आणि नागपूरचा उन्हाळा काय किंवा हैदराबादचा काय, आमच्याहून कडकच.

दुचाकीवरचा माणूस फसतो तो वाऱ्यामुळे. एक लिटर घाम वाळताना शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. माठातील पाणी गार होते त्याचेही कारण हेच. गाडी धावत असता वारा हा घाम निर्माण होताक्षणी उडवून नेतो. सदरा कोरडा राहतो, म्हणून आपणांस घाम आलाच नाही असे वाटते. गाडी थांबताच अंगातून धारा लागतात, तेव्हा खरा हिशेब कळतो. कडक उन्हात तासाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक पाणी असे नकळत खर्ची पडते. शिवाय हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, वर गेले की वारा स्वतः थंडावा देत नाही, उलट तापवितो. मग सारी भिस्त घामावर. विदर्भात व माळव्यात हे नित्याचे आहे.

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगातून सव्वा लिटरच्या आसपास पाणी गेले, की ते त्याच्या वजनाच्या दोन टक्के होते; आणि एवढ्याने लक्ष विचलित होऊ लागते. इंग्लंडमधील लाफबरो विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. अकरा पुरुषांना यंत्रावर दोन तास मोटार चालविण्याची नक्कल करावयास लावली; एकदा पुरेसे पाणी देऊन आणि एकदा अगदी थोडे देऊन. पाणी प्यालेल्या दिवशी सरासरी ४७ चुका झाल्या, तहानेल्या दिवशी १०१. माणसे थोडी, म्हणून यावरून फार मोठा सिद्धान्त मांडू नये हे खरे; पण ती मोटार चार चाकांची होती आणि खोलीतली होती. आमच्या सड्यावरील दोन चाकांना चुकीची मुभा त्याहून पुष्कळ कमी.

आता त्या माउलीच्या गुळाच्या खड्याविषयी. आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी देण्याची आपली रीत. ती केवळ शिष्टाचार नव्हे, हे विज्ञानाने पुढे दाखवून दिले. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग येथे असे मांडले, की आतड्यातून साखर आणि मिठातील सोडियम ही एकमेकांचा हात धरून रक्तात शिरतात. आणि त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. याच तत्त्वावर १९७१ साली बांगला देशाच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनवीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचविले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी तीच. घरी करावयाचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नये. जास्त मीठ अपाय करते. आणि पुडी घेताना नाव नीट वाचून घ्यावे. गोड पेयांच्या खोक्यांवर याच औषधाचे नाव छापण्याचा प्रकार बोकाळला होता. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यास मनाई केली.

अर्थात रोजच्या तासाभराच्या फेरीला पुडीची गरज नाही. साधे पाणी आणि वेळेवरचे जेवण पुरते. दिवसभर उन्हात हिंडणाऱ्याला मात्र मिठाची जोड हवी, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात आहेच. आमच्याकडे दहा-अकराला उकड्या तांदळाची पेज व मिठात मुरलेली तोरे खाण्याची चाल होती. शेतकरी ती खाऊन उन्हात उभा राही. पाणी, पिष्ट आणि मीठ, तिन्ही एका वाटीत! दुसरे आमचे भिरंडाचे आगळ. कोकमाच्या या रसात मीठ असतेच. दोन चमचे पाण्यात घालून थोडी साखर टाकली की काम झाले. मात्र ते आंबट असल्याने तांब्या-पितळेच्या वा ॲल्युमिनियमच्या बाटलीत भरू नये, स्टीलची बरी. अडसर, म्हणजे शहाळे, उत्तम. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम मात्र कमी, म्हणून सोबत खारे काही खावे. सोलकढी आणि ताक घरी अमृत, परंतु तापलेल्या डिकीत दोन तासांत नासतात.

आणि काजूच्या हंगामातला तो दुसरा पदार्थ! निरो ताजा असेतो निरो. तोच पुढे आंबतो आणि भट्टीतून हुर्राक होऊन येतो. लिंबू-सोड्यात घातलेला हुर्राक तहान भागवितो असा आमच्याकडे गोड गैरसमज आहे. मद्य शरीरातले पाणी अधिकच बाहेर काढते आणि हँडलावरचा हात सैल करते. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सापडल्यास कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याच्या आधी वळण गाठते.

पाणी न्यावे कसे, यातही माझा एक फजितीचा अनुभव आहे. तरुणपणी मी पाण्याची बाटली कापडी पिशवीत घालून स्कूटरच्या हँडलला अडकवीत असे. एकदा वळणावर पिशवी झोका खाऊन गुडघा आणि हँडल यांच्या मध्ये अडकली. हँडल वळेना, आणि मी सरळ भाताच्या खाचरात. पावसाळा असल्याने हाडे वाचली, सदरा नाही. तेव्हा हँडलला काही लटकवू नये आणि पायांपाशी सुटी बाटली ठेवू नये. ती घरंगळून पायाखाली येते. मागच्या पेटीत किंवा बैठकीवर रबरी पट्ट्याने घट्ट बांधावी, काचेची मुळीच नको. इंजिनाजवळच्या डिकीत पाणी तापते. म्हणून दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली घ्यावी, अथवा साध्या बाटलीला ओले फडके गुंडाळून वाऱ्यात बांधावी. पूर्वी ट्रक व जीपच्या पुढे जाड कॅनव्हासची पाण्याची पिशवी लोंबत असे, ती याच युक्तीने गार राही. दूरच्या प्रवासाचे शौकीन हल्ली पाठीवर नळीची पिशवी बांधतात. तीही चांगली, पण माझ्यासारख्याने गाडी सावलीत थांबवावी, हेल्मेट काढावे, आणि मग प्यावे. त्या दोन मिनिटांत मानही मोकळी होते.

तहान लागण्याची वाट न पाहता निघण्यापूर्वी एक पेला आणि वाटेत तासाला दोन पेले, हे साधारण प्रमाण. उलट टोकही नको. तासाला दीड लिटरहून अधिक पाणी एकदम ढोसल्यास रक्तातले मीठ पातळ होते, तेही घातक. हृदयाचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास प्रमाण डॉक्टरांनाच विचारावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले असे समजावे. आणि उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, अंग भाजू लागले, तर त्याला घोट पाजीत बसू नये; सावलीत नेऊन अंग भिजवावे, वारा घालावा आणि तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हे सारे उपाय सांगून झाले, तरी माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही, याची मला जाणीव आहे. त्याला बाटली नको होती. आडोसा हवा होता. दुरून स्कूटरने येणाऱ्या आमच्या कित्येक शिक्षिका दिवसभर पाणी टाळतात, तेही याच कारणाने, हे मी कधी विचारलेच नव्हते म्हणून मला ठाऊक नव्हते. आपल्या पूर्वजांनी पाणपोई घालणे हे पुण्य मानले. अक्षय्य तृतीयेला उदककुंभ दान केला. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आजच्या दानशूरांनी पाणपोईच्या जोडीला एक स्वच्छ मुतारी बांधून द्यावी. तिच्यावर नाव कोरून घ्यावयास कोणी धजणार नाही कदाचित. पण पुण्य रतिभरही उणे होणार नाही.

केरळातील शाळांत २०१९ पासून मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा वाजू लागली. या जूनपासून आमच्या शाळेतही ती दिवसातून तीनदा वाजते. पहिल्या दिवशी ती मीच वाजविली. सातवीतला एक मुलगा घंटेनंतरही बसून होता. विचारले, तर म्हणाला, ‘सर, तास चालू आहे ना.’

मी त्याला उभे केले, आणि पाणी पिऊन ये म्हणून सांगितले.