फसवून सोडावयास लावलेली जागा

व्यापारी घरातील तरुण शिक्षणासाठी पुण्यास जातो आणि ओळखीच्या दोघांसह ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने सदनिका घेतो. काही महिन्यांनी ते दोघे सांगतात, “मालकाला जागा हवी आहे, महिनाअखेर सर्वांनाच निघावयाचे आहे.” मालकाच्या नावाचा एक संदेशही दाखवितात. तो ‘स्वखुशीने जागा सोडली’ अशा चिठ्ठीवर सही करून निघतो. पुढे कळते, मालकाने काही कळविलेच नव्हते. त्याच्या जागी दुसराच कोणी राहत आहे आणि डिपॉझिटाची गोष्ट काढली की टाळाटाळ होते.

अशा वेळी त्या चिठ्ठीमुळेच पालक खचतात. वस्तुतः भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १९ अन्वये कपटाने संमती मिळविलेला करार फसविला गेलेला पक्ष रद्द ठरवू शकतो. मात्र कपट सिद्ध करावे लागते. म्हणून प्रथम मालकास लेखी विचारावे. “मी असे सांगितले नव्हते” हे त्याचे लेखी उत्तर दहा साक्षीदारांच्या तोडीचे! मूळ संदेश असलेला मोबाईलही जपून ठेवावा.

दुसरा प्रश्न, नोंदणीकृत करारात नाव कोणाचे? तरुणाचे नाव असेल तर त्यास काढण्याचा अधिकार सोबत्यांना नाही. नाव नसेल, केवळ भाड्याचा वाटा सोबत्याच्या हाती दिला जात असेल, तर त्याची बाजू बरीच दुबळी होते व मागणी मुख्यतः पैशांपुरती उरते.

पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार देता येते. संदेश बनावट असल्यास कलम ३३६ ही पाहावे. ‘ही दिवाणी बाब आहे’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो, म्हणून तक्रार लेखी देऊन पोच घ्यावी.

ताबा परत मिळविण्यासाठी विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ चे कलम ६ आहे. करारात नाव असले तरी तरुणास ताबा होता की नुसती परवानगी, यावर वाद होऊ शकतो. तेव्हा वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. दाव्याची मुदत ताबा गेल्यापासून अवघी सहा महिने. दोन्ही घरांत देवघेवीचे संबंध असतात, वडीलधारे मध्यस्थीस बसतात, ‘दिवाळीनंतर पाहू’ म्हणतात. बैठकी लांबल्या तरी ही मुदत थांबत नाही. बोलणी चालू असतानाही दावा दाखल करता येतो आणि तडजोड झाल्यास मागे घेता येतो.