दोन घटिकांचे सामायिक

वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन क्षेत्र आहे. मूर्ती भूमीला टेकलेली नाही, अशी भाविकांची श्रद्धा असून त्यावरूनच ‘अंतरिक्ष’ हे नाव रूढ झाले. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांना ती सारखीच पूज्य. पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा समझोता १९०५ मध्ये झाला खरा, परंतु तो टिकला नाही आणि वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९२९ मध्ये तेथील निकालही लागला. तरीही मूर्तीला लेप कोणी द्यावा, त्यात कटिसूत्र व कच्छोटा दाखवावा की नाही, यावरून कलह धुमसतच राहिला. सुमारे चार दशके मंदिराला कुलूप होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, मार्चमध्ये द्वार उघडले आणि काही दिवसांतच दोन्हीकडील मंडळी तेथे हातघाईवर आली.

ज्या परंपरेने अनेकान्ताचा विचार दिला, तिच्याच अनुयायांत हे घडावे! अर्थात, इतरांनी हसण्याचे कारण नाही. भावाभावांच्या वाटणीत आणि सासू-सुनेच्या अबोल्यात याहून निराळे काय घडते?

अनेकान्तातील ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा केला जातो, तो चुकीचा आहे. ‘एका विशिष्ट अपेक्षेने’ हा त्याचा अर्थ. जे दिसले ते एका बाजूने दिसले, दुसरी बाजू पाहीपर्यंत अखेरचा शब्द उच्चारू नये, एवढी शिस्त त्यात अभिप्रेत आहे. हा काही भित्रेपणा नव्हे. न्यायाधीशाने निकाल दिलाच पाहिजे, कार्यकर्त्यानेही प्रसंगी ठाम उभे राहिलेच पाहिजे. प्रश्न आहे तो दिवसभर मनात चालणाऱ्या बिनपगारी न्यायदानाचा. शेजाऱ्याची गाडी, मुलाचे गुण, दूरचित्रवाणीवरील वक्ता, सर्वांवर शेरे मारून रात्री अंथरुणावर पडलेल्या माणसाला झोप येत नाही, यात नवल ते काय?

सिद्धांत ठाऊक नसल्याने हे होत नाही. याच जिल्ह्यातील कारंजा हे एकेकाळी भट्टारकपीठांचे गाव. तेथील जैन मंदिरांनी हस्तलिखितांचे मोठे भांडार जपले. ग्रंथ होते, पंडितही होते. उणीव असते ती नित्य सरावाची, आणि ती ओळखूनच पूर्वाचार्यांनी गृहस्थाच्या बारा व्रतांत सामायिक घातले. एका आसनावर स्थिर बसायचे, प्रपंचाचे व्यवहार बाजूला ठेवायचे, प्रिय-अप्रिय जे मनात येईल त्याच्याकडे समभावाने पाहायचे. घटिका चोवीस मिनिटांची. दोन मिळून अठ्ठेचाळीस.

पहिल्या काही दिवसांत मन शांत होण्याऐवजी अधिकच खवळल्यासारखे वाटते. पाय अवघडतात, जुने अपमान वर येतात, कोणाला काय सुनवायचे याची वाक्ये जुळू लागतात. पुष्कळ जण येथेच उठतात. वस्तुतः रोज आपण किती निकाल देत असतो, हे त्याच वेळी प्रथम ध्यानात येते. जो बसून राहतो त्याला हळूहळू प्रसंग आणि प्रतिक्रिया यांत क्षणभराची फट सापडू लागते. घरात उलट उत्तर जाण्याआधी तो क्षण हाताशी असणे ही लहान गोष्ट नव्हे.

शिरपूरचा लेप कोणी करावा, हे न्यायालय ठरवू शकते. दुसऱ्याला पूजा करताना पाहून पोटात उठणारी कळ मात्र त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही. सामायिक दोन्ही पंथांत आहे. पाठ निराळे असले, तरी किमान काळ दोघांचाही दोन घटिकांचाच.