स्वावलंबनाचा उपदेश कोणाला?

प्रत्येकाने स्वतःच्या मनगटावर विसंबावे, सरकारच्या तोंडाकडे पाहू नये, हे अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचे जुने सूत्र आहे. २०१२ मध्ये त्या पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार श्री. मिट रॉम्नी यांनी धनिक देणगीदारांच्या खाजगी बैठकीत त्याचा हिशेबच मांडला. ४७ टक्के लोक सरकारवर अवलंबून राहतात, स्वतःला पीडित मानतात आणि ते श्री. ओबामांनाच मते देणार! आयकर न भरणाऱ्या या लोकांत खुद्द रिपब्लिकन पक्षाचे वृद्ध आणि अल्पवेतनी मतदार होते, याचा मात्र त्यांना विसर पडला.

रॉम्नी गव्हर्नर राहिलेले, कारभारात मुरलेले. तरी ते पडले. २०१६ मध्ये निवडून आलेल्या श्री. ट्रम्प यांना ना सरकारी पदाचा अनुभव होता, ना लष्करी सेवेचा. राज्यघटना अनुभव मागतच नाही. पस्तिशीचे वय, चौदा वर्षांचा रहिवास आणि जन्मसिद्ध नागरिकत्व तिला पुरते. परंतु वृद्धांचे निवृत्तिवेतन व औषधोपचार यांना हात लावणार नाही, हे वचन ट्रम्प यांनी दिले आणि पदवी नसलेला गोरा कामकरी वर्ग मोठ्या संख्येने त्यांच्यामागे गेला.

त्याच ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी सही केलेल्या कायद्याने २०१७ च्या आयकर-सवलती कायम झाल्या. आणि ‘मेडिकेड’ या गरिबांच्या आरोग्ययोजनेतील अनेक प्रौढांवर दरमहा ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचा पुरावा देण्याची अट आली. केंटकीच्या खाणपट्ट्यात मेडिकेडचा आधार पुष्कळांना आहे, आणि ट्रम्प यांना तेथे भरघोस मते पडली होती.