उजेडाची प्रतवारी आणि पुनर्नवेचे फूल

गणपतीपुळ्याच्या परिसरात वनौषधी पाहण्यास गेलेल्या वैद्याला एकाच दिवसात तीन निरनिराळे उजेड भेटतात. सकाळी नारळी-पोफळीच्या आगरातील हिरवट, मंद सावली. मध्यान्ही किनाऱ्यावर मर्यादवेलीच्या भोवती पांढरट वाळूवरून उसळणारा, डोळे दिपविणारा प्रकाश. आणि उतरत्या दुपारी सड्यावरील पावसाने काळवंडलेल्या जांभ्याची पार्श्वभूमी. गतवर्षी भाद्रपदाच्या अखेरीस आम्ही काही व्यवसायबंधू तेथे गेलो होतो. सायंकाळी पाहतो तो चारशेच्या वर छायाचित्रे जमलेली!

इतकी छायाचित्रे एकेक करून सुधारणे व्यवसाय सांभाळणाऱ्यास शक्य नाही. म्हणून आमच्यातील एका तरुण वैद्यांनी सुचविले की, संगणकाकडून सर्व छायाचित्रे उजळपणाच्या क्रमाने लावून घ्यावीत, काळोखी तेवढी एकत्र करावीत आणि त्यांना एकदमच सारखा उजाळा द्यावा. कल्पना मुळात उत्तम आहे व काम तासाभरात उरकलेही. परंतु त्या काळोख्या गटात पुनर्नवेची काही छायाचित्रे होती. तिची इवलीशी गुलाबी फुले मूळ चित्रात यथायोग्य रंगाची होती; काळा होता तो मागचा कातळ. उजाळा मिळताच कातळ करडा झाला आणि फुले पांढरी झाली. पुढे ते चित्र एका औषधनिर्मात्या स्नेह्यांना दाखविले असता त्यांनी सहजपणे ‘ही श्वेत पुनर्नवा’ असे म्हटले.

श्वेत पुनर्नवा म्हणून बाजारात येणारी वनस्पती बहुधा ट्रायॅन्थिमा पोर्च्युलॅकॅस्ट्रम असते आणि आपली रक्त पुनर्नवा ती बोऱ्हाव्हिया डिफ्यूजा, हे वाचकांस सांगावयास नको. पहिलीची पाने मांसल, फूल पानाच्या बेचक्यात दडलेले. दुसरीची फुले लांब देठांवर लहान गुच्छांत. संपूर्ण रोप समोर असते तर घोटाळा झालाच नसता. चित्र फक्त फुलाचे होते आणि त्याचा रंग आम्हीच पुसला होता.

दोष संगणकाचा नाही. उजळपणा मोजताना तो प्रत्येक बिंदूला ० ते २५५ मधील एक अंक देतो आणि सर्वांची सरासरी काढतो. त्यातही प्रचलित सूत्रात हिरव्या रंगाचा वाटा ०.५८७, तांबड्याचा ०.२९९ आणि निळ्याचा केवळ ०.११४ धरला जातो. चित्राचा नऊ-दशांश भाग कातळाने व्यापला असेल तर ती सरासरी कातळाचीच असणार. फुलाला तेथे कोण विचारतो? याच्या उलट प्रकार वाळूवर होतो. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. म्हणून शुभ्र वाळू करडी आणि मर्यादवेलीचे पान काळसर उमटते. सरासरीने हे चित्र सावलीतल्या चित्रांच्या शेजारी जाऊन बसते, वास्तविक दोहोंचा उजेड कितीतरी पटींनी निराळा असतो. शिवाय जेपेग चित्रात बिंदू एकदा २५५ वर गेला की तेथील रंग कायमचा गेला. मागाहून काळोख वाढवून गुलाबी छटा परत येत नाही.

तेव्हा प्रतवारी करावी, पण आधी स्थळ व वेळ यांनुसार ढीग पाडावेत आणि मगच प्रत्येक ढिगात उजळपणाचा क्रम लावावा. जागा बदलली की वनस्पतीशेजारी छायाचित्रकारांकडील करडे कार्ड व मोजपट्टी ठेवून एक चित्र घ्यावे. सुधारणा त्या कार्डावरून ठरवावी आणि ढिगातील ज्या चित्रांचे एक्स्पोजर सारखे आहे त्यांनाच लावावी. छिद्रमान, वेग व आयएसओ यांची नोंद प्रत्येक फाइलमध्ये असतेच. लाइटरूमसारख्या प्रणालीत निवडलेल्या चित्रांचे एकूण एक्स्पोजर जुळविण्याची सोयही आहे. मूळ फाइली मात्र वेगळ्या, अस्पर्शित राहिल्या पाहिजेत.

औषधनिर्मात्यांना हे छांदिष्टांचे काम वाटू नये. सन २००० मध्ये ‘शेड्यूल टी’ आल्यापासून कच्च्या मालाच्या नोंदी ठेवणे आपणांस बंधनकारक आहे आणि आता माल येण्यापूर्वी त्याचे छायाचित्र मोबाइलवर येते. ते चित्र पाहून माल पसंत करण्याची सवय मला धोक्याची वाटते. नमुना हातात घ्यावा, मोडावा, हुंगावा. चित्र फार तर स्मरणासाठी.

चिकित्सकांना तर याहून अधिक जपले पाहिजे. डोळ्यांनी परीक्षण करावयाच्या विषयांत चरकसंहितेच्या विमानस्थानात वर्णाबरोबर छायाही सांगितली आहे. श्वित्राच्या रुग्णाचे उपचारापूर्वीचे चित्र खिडकीपाशी आणि नंतरचे दिव्याखाली घेतले, त्यात दोहोंना संगणकाचा स्वयंचलित उजाळा दिला, तर डाग फिकटले की दिवा बदलला हे कोणी सांगावे? अशी चित्रे मी व्याख्यानांतून पाहिली आहेत. दाखविणारा अप्रामाणिक असतो असे मुळीच नाही. म्हणून आपल्या त्रैमासिकाने रुग्णवृत्तांतासमवेत प्रत्येक छायाचित्राची मूळ फाइलही मागवावी, अशी माझी सूचना आहे. ती छापू नये, पण संपादक मंडळापाशी असावी.